वरून टाकायचं की काढून?

भिगवण चौकातून आत वळल्यावर तिसरी इमारत. जिन्यात उजेड कमी. भिंतीवर स्पर्धा परीक्षांच्या क्लासची भित्तिपत्रकं, त्यांच्यावर पानाच्या पिचकाऱ्या. वरच्या मजल्यावर दहा बाय बाराचा गाळा. शटर अर्धंच वर गेलंय आणि बाहेर माणसं उभी आहेत. एकाच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग. एकाने सीपीयू गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवरून आणलाय. सुतळीची गाठ सुटत नाही म्हणून तो दाताने ओढतोय. एक ताई नुसती हार्डडिस्क रुमालात बांधून घेऊन आल्यात.

फेब्रुवारी सरत आलाय. बारामतीत अकरा वाजायच्या आतच स्लॅब तापतो. गाळ्यात दोन पंखे आहेत. एक माणसांवर, एक उघड्या मशिनांवर. दुसरा जास्त वेगात फिरतोय.

लोखंडी मांडणीवर डबे ओळीने लावलेत. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर मार्करने गावाचं नाव आणि खाली आजार. सांगवी – हँग. डोर्लेवाडी – चालू बंद. माळेगाव – विंडो. शिर्सुफळ – विंडो, डेटा पायजे. शेवटच्या दोन शब्दांखाली लाल रेघ.

"काय झालंय?"

"चालू होतो, निळा पडदा येतो, परत पहिल्यापासून. फॉरमॅट मारून टाका की."

सुतळीवाल्याने निदानही आणलंय आणि औषधही. दुकानदार चष्मा कपाळावर सरकवतो. "सी ला काय आहे?"

"सी ला काय नाय. सगळं डेस्कटॉपवर आहे."

बाकावर बसलेला कॉलेजचा पोरगा खुदकन हसतो. दुकानदार हसत नाही. त्याला हे उत्तर सवयीचं आहे. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधल्याच एका फोल्डरचा दर्शनी भाग. फॉरमॅट मारला की पहिला बळी त्याचाच. दूध संस्थेची पगारपत्रकं, मुलीच्या बारशाचे फोटो, सोसायटीचा ठराव, सगळं तिथेच पसरलेलं असतं, कारण तिथे ते डोळ्यांसमोर राहतं.

वायरी जोडल्या जातात. खरंच निळा पडदा येतो, इंग्रजीत दोन ओळी येतात, अंधार. पुन्हा कंपनीचं चिन्ह, पुन्हा निळा. दुकानदार बोटावर वाटा मोजतो, मुख्यतः शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ पोरासाठी. विंडोज निदान उघडत असती तर आत जाऊनच सेटअप चालवला असता. फाइल, प्रोग्रॅम, सगळं जागेवर ठेवून ती स्वतःवरच नव्याने बसते. याला इथे 'वरून टाकणं' म्हणतात. पण हे उघडतच नाही, म्हणजे ती वाट बंद. दुसरी वाट पेनड्राइव्हची. तिच्यात जुनं न पुसताही टाकता येतं. फाइल वाचतात, प्रोग्रॅम मात्र नव्याने घालावे लागतात. तिसरी वाट फॉरमॅटची. ती सगळ्यात सोपी, म्हणून सगळ्यात शेवटी.

पेनड्राइव्ह लावतो. आठ जीबीचा; त्याहून लहानावर हा पसारा मावत नाही. कळपाटावर एफ बारा दाबत राहतो. जांभळट चौकट येते, भाषा विचारते. तो पुढे जात नाही. शिफ्ट आणि एफ दहा एकदम दाबतो. काळी खिडकी उघडते. तीत तो फक्त 'नोटपॅड' असं टाइप करतो.

पोरगा पुढे वाकतो. बाकावरचाही उठून येतो.

नोटपॅड उघडतं, रिकामं. वरच्या यादीतून 'ओपन'. मजकुराच्याच फाइली दिसतायत, तिथे 'सगळ्या फाइल्स' निवडतो. आणि त्या वीतभर चौकटीत आख्खी हार्डडिस्क उघडी पडते. यूजर्स, त्यात मालकाचं नाव, त्यात डेस्कटॉप. फोल्डरवर उजवं बटन, कॉपी. बाहेरची हार्डडिस्क, पेस्ट. विंडोज मेलेली असताना तिच्या सेटअपमधल्या नोटपॅडमधून डेटा बाहेर निघतोय. चौकटीत प्रगती दाखवणारी पट्टी नाही, त्यामुळे काही चाललंय की नाही ते कळत नाही. हार्डडिस्कचा दिवा लुकलुकतो, एवढीच खूण.

"किती वेळ?"

"चहा घेऊन या."

चहावाला तेवढ्यात स्वतःच येतो. तारेच्या झोळीत सहा ग्लास. मशिनांच्या टेबलावर ग्लास ठेवायला बंदी आहे, तशी पाटी आहे, आणि पाटीच्या खालीच ग्लासांची गोल वर्तुळं आहेत.

बाकावरच्या पोराचा नंबर लागतो. लॅपटॉप नवा आहे, वर्षभराचा. काल रात्री कुणा मित्राने काहीतरी सेटिंग बदललं आणि आता निळ्या पडद्यावर बिटलॉकर किल्ली मागतोय. किल्ली ४८ आकड्यांची. दुकानदार हात वर करतो. आता बरेच नवे लॅपटॉप हार्डडिस्क आपोआप कुलूपबंद करतात. किल्ली ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात जाऊन बसते.

"ईमेल कुणाचा टाकलाय?"

"ज्यानं चालू करून दिला त्यानंच टाकला. पासवर्ड मला ठाऊक नाय."

"मग आधी त्याला गाठ. नवीन विंडोज मी अर्ध्या तासात टाकतो, पण आतलं काही मिळणार नाही. नोटपॅडनं पण नाही."

पोरगा फोन घेऊन जिन्यात जातो. त्याचा आवाज वरपर्यंत येतो. आधी 'दादा', मग 'अरे दादा', मग नुसतंच 'अरे'.

डेटा निघतो. आता टाकणं. दुकानदार जुना भाग पुसत नाही. सेटअप एक इशारा देतं: जुन्या फाइली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात हलवल्या जातील. हो म्हणतो. मोडकी विंडोज एका फोल्डरात घडी होऊन बसते आणि तिच्या शेजारी नवी उभी राहायला लागते. टक्के सरकतात. तीन. सात. सात. सात. साधी फिरती हार्डडिस्क आहे, एसएसडी नाही. तासभर तरी जाणार. पहिल्यांदा मशीन बंद होऊन सुरू होतं त्या क्षणी दुकानदार ओरडतो, "काढ!" पोरगा पेनड्राइव्ह उपटतो. तो तसाच राहिला तर मशीन पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होतं आणि सेटअप पुन्हा भाषा विचारत पहिल्या पायरीवर उभं राहतं.

"तो ओल्ड फोल्डर किती दिवस राहतो?" हार्डडिस्कवाल्या ताई विचारतात.

"वरून टाकलं असेल तर दहा दिवसांनी विंडोज स्वतःच पुसते. लोक पंधराव्या दिवशी येतात."

मांडणीवरच्या बऱ्याच डब्यांवर पट्टीच्या कोपऱ्यात '१० च' असं लिहिलंय. विंडोज १०च ठेवायची. तिचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. ११ टाकायची तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, चार जीबी रॅम लागते, ६४ जीबी जागा लागते. रॅम घालता येते, हार्डडिस्क बदलता येते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डला मात्र ती चिप कुठून आणणार? मग मोडलेल्या दहावर दहाच बसते.

खाली उतरताना जिन्यात तो पोरगा पायरीवर बसलाय. मोबाइलवर आकडे उतरवून घेतोय. पलीकडून कुणीतरी सहा-सहाचे गट सांगतंय.

रस्ता ओलांडून तहसील कचेरीच्या बाजूची गल्ली. इथे सावली एकाच बाजूला आहे आणि रांगही त्याच बाजूला. सेवा केंद्राच्या पायरीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत माणसं टेकलीत. नऊवारीतल्या चार-पाच म्हाताऱ्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्यात. निराधार अनुदानाचे पैसे खात्यात आलेत. आधार नंबर सांगून अंगठा लावला की इथेच हातात मिळतात. पण अंगठ्याचं मशीन सकाळपासून बंद आहे.

काउंटरमागे विशीतला ऑपरेटर. पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य: डिव्हाइस तयार नाही. मशीन काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. काचेखालचा लाल दिवा लागतो, म्हणजे वीज पोचतेय. रात्री अपडेट आला आणि सकाळपासून हे असं.

तो सॉफ्टवेअरची फाइल पुन्हा उतरवतो. इंटरनेट रांगतंय. टक्के साठला येऊन थांबतात. रांगेतून कुणीतरी म्हणतं, "आज हुतंय का नाय ते सांग बाबा. माघारी जायला दोनची यष्टी हाय."

"होतंय आजी. पाच मिनिटं."

ही पाच मिनिटं साडेनऊपासून चालू आहेत.

फाइल उतरते. तो दोनदा टिचकी मारतो. चौकट उघडते, सांगते: हे आधीच बसवलेलं आहे. आणि मिटते. तो पुन्हा टिचकी मारतो. पुन्हा तेच. मघाच्या गाळ्यात जुनं जपण्याची खटपट होती. इथे जुनंच दारात आडवं पडलंय. ते चालतही नाही आणि नव्याला आतही येऊ देत नाही.

शेवटी तो कंट्रोल पॅनेलच्या यादीत जातो. एकाच कंपनीच्या तीन ओळी दिसतात. एक ड्रायव्हरची, एक आधारच्या सेवेची, आणि एक त्याच सेवेची आधीची आवृत्ती, जी कुणी कधी काढलीच नव्हती. वरून, वरून टाकत गेल्याचा हा थर. तो मशिनची वायर उपटतो आणि एकेक ओळ काढायला लागतो. तिसरी निघाल्यावर चौकट विचारते: संगणक आत्ता बंद करून सुरू करू, की नंतर?

त्याचा हात 'नंतर'वर जातो. बाहेर रांग आहे. मागच्या खुर्चीवरून केंद्राच्या मालकीणबाई म्हणतात, "आत्ताच कर. त्याशिवाय ते पुरतं जात नाही."

तो 'आत्ता' दाबतो. पडदा काळा होतो आणि रांगेतून एक लांब 'आंऽऽ' येतो. सगळ्यांना वाटतं, होतं तेवढंही गेलं.

आता क्रम आहे आणि तो चुकवून चालत नाही. आधी ड्रायव्हर. मग सेवा. मशीन अजून टेबलावरच, वायर मोकळी. सगळं बसल्यावर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लहान चिन्ह उमटतं. तेव्हा वायर खोचायची. ऑपरेटर वायर खोचतो. लाल दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. कोपऱ्यात इंग्रजीत एक शब्द: रेडी.

"या आजी."

आजी उठतात. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. अंगठा पुढे करतात. जन्मभर खुरपं धरलेला अंगठा. रेषा पुसट झाल्यात, टोकाला चीर आहे. काच नाकारते. पुन्हा नाकारते.

"जोरात दाबा."

"दाबलाय की रं."

टेबलावर एका वाटीत ओला स्पंज आहे. अंगठा त्यावर टेकवायचा, पदराला पुसायचा, पुन्हा काचेवर. नाही. मग मधलं बोट. हिरवी खूण येते. छपाई यंत्रातून पांढरी पट्टी कुरकुरत बाहेर येते आणि मालकीणबाई नोटा मोजतात. आजी त्या घडी घालून कनवटीला लावतात आणि तिथेच उभ्या राहतात. पुढची म्हणते, "आता सरका की." त्या पट्टीकडे बोट दाखवतात. "ती पावती दे मला."

इंदापूरची एसटी बारामती स्थानकातून निघते तेव्हा खिडकीची लोखंडी दांडी हाताला चटका देते. हाच रस्ता आषाढात तुकोबांच्या पालखीचा. आज तो उसाचा आहे. काटेवाडी, भवानीनगर, सणसर. नीरा डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकापासून खेळतंय, म्हणून दोन्ही बाजूंना हिरवं आणि रस्त्यावर पाचट. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर लोंबतायत. प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं. एसटी त्यांच्या मागे रेंगाळते, संधी मिळाली की शिट्टी मारल्यासारखा हॉर्न देत पुढे घुसते.

बेलवाडी मागे पडते. लासुर्ण्याच्या पुढे रस्त्याकडेला खासगी वजनकाटा. तिथे उतरतो.

एरवी इथे ट्रॅक्टर काट्यावर चढतो, खिडकीतून पावती घेतो आणि उतरतो. दोन मिनिटांचा खेळ. आज आठ ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभे आहेत. शिवाय दोन टायरगाड्या. बैल खाली बसलेत, तोंडासमोर उसाचं वाढं. कारखान्यावर ऊस नेण्याआधी बाहेर वजन करून घ्यायची इथे रीतच आहे. मनात शंका नको आणि हातात कागद असावा. पण आज वजन होतंय, कागद निघत नाही.

केबिन पत्र्याची. आत माणूस भाजून निघेल इतकी ऊब. भिंतीवर वजनदर्शक डबा, त्यावर तांबडे आकडे: २८,६४०. डब्याच्या तारेला वैधमापनवाल्यांचं शिशाचं सील. खाली टेबलावर संगणक, त्याच्या पडद्यावर त्याच जागी शून्य.

जुनं मशीन काल बंद पडलं. त्याच्या जागी दुसरं, विंडोज नव्याने टाकून आणलंय. आता इंदापूरहून आलेला तंत्रज्ञ काट्याचं सॉफ्टवेअर टाकतोय. सदरा पाठीला चिकटलाय. टाकायच्या आधी तो एक गोष्ट करतो. जुन्या हार्डडिस्कवरून वाचवलेलं सॉफ्टवेअरचं फोल्डर उघडतो आणि त्याच्या नावापुढे 'जुना' जोडतो. मग नवं टाकतो. काट्याचा मालक मागे उभा राहून बघतोय.

"नाव कशाला बदललं?"

"नव्याबरोबर कोरी वही येते. त्याच नावाच्या फोल्डरात टाकलं तर ती भरलेल्या वहीच्या जागी बसते."

मालकाला ते लगेच पटतं, कारण पडद्यावर कोरी वही उघडलेली आहे. पावती क्रमांक १. मालकाचा चेहरा उतरतो. काल मशीन बंद पडायच्या आधी दहा गाड्या भरलेलं वजन करून गेल्यात. त्या रिकाम्या होऊन परत येतील तेव्हा मोकळं वजन लावायचं, आणि दोन्हींची वजाबाकी करून पावती द्यायची. ती अर्धवट वजनं जुन्या वहीत आहेत. क्रमांक १ म्हणजे त्या गाड्या इथे कधी आल्याच नाहीत.

"जुनी आणतो. आधी काटा बोलू द्या."

काट्याच्या डब्यातून नऊ पिनांची वायर निघते. नव्या संगणकाला तसलं छिद्र नाही, म्हणून मध्ये एक जोडवायर आहे, यूएसबीत जाणारी. पूर्वी वजन पोर्ट एकवर यायचं. जोडवायर दुसऱ्या छिद्रात खोचली की विंडोज तिला नवा क्रमांक देते. तंत्रज्ञ यादी उघडतो. पोर्ट तीन. सॉफ्टवेअर अजून एककडे कान लावून बसलंय. तो एकचे तीन करतो.

शून्य जातं. त्याच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं आणि तुटक्या रेघा येतात.

खिडकीत डोकावणारा ट्रॅक्टरवाला म्हणतो, "ही कुठली भाषा म्हणायची?"

म्हणजे जोडणी झालीय, वेग जुळत नाही. डबा ज्या वेगाने आकडे पाठवतो त्याच वेगाने ऐकलं तरच ते आकडे राहतात. नव्याने ९६०० धरलाय. डब्याचा किती? डब्यावर लिहिलेलं नाही, मालकाला ठाऊक नाही, ज्याने बसवला तो फोन उचलत नाही. तंत्रज्ञ 'जुना' फोल्डर उघडतो. शंभरेक फाइली. तो खाली-खाली जातो आणि एका लहानशा फाइलवर थांबतो, दोन केबी सुद्धा नाही. नोटपॅडमध्ये उघडतो. चार ओळी: पोर्ट १. वेग २४००. डेटा ८. पॅरिटी नाही.

तो ९६००चे २४०० करतो.

२८,६४०.

डब्यावर २८,६४०, पडद्यावर २८,६४०. ट्रॅक्टरवाला दोन्हीकडे आळीपाळीने बघतो. मग महत्त्वाचा प्रश्न विचारतो. "काम्पुटर बदलला म्हणून वजनात काय फरक पडल का वो?"

"वजन खाली काटा करतो आणि भिंतीवरचा डबा दाखवतो. त्याला सील आहे. हा नुसता छापतो."

"मग हितंच बघत जावं म्हणायचं." तो तांबड्या आकड्यांकडे बोट करतो. कुणी नाही म्हणत नाही.

आता वही. तंत्रज्ञ नवी कोरी फाइल बाजूला काढतो, 'जुना'तली भरलेली तिच्या जागी ठेवतो. सॉफ्टवेअर बंद करून उघडतो. पावती क्रमांक पाच आकड्यांवर उडी मारतो. डाव्या बाजूला थांबलेल्या गाड्यांची यादी येते. मालक हाताने लिहिलेल्या वहीतल्या कच्च्या नोंदींशी ताडून बघतो, बोट एकेका ओळीवर. दहाच्या दहा.

बाहेर ऊन उतरलेलं नाही. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन सोडतो. रांगेतल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, म्हणून कुणी गाणी बंद केली नव्हती तरी कुणी ऐकतही नव्हतं. पहिली पावती निघते. कार्बनची प्रत फाडल्याचा आवाज. ट्रॅक्टर धूर सोडत काट्यावरून उतरतो, लोखंडी फळी धडधडते, आणि डब्यावरचे तांबडे आकडे धडाधड खाली येऊन शून्यावर थांबतात. लगेच पुढचा चढतो.

तंत्रज्ञ पाकिटातून चिकटपट्टी काढतो. पोर्ट ३, वेग २४००. सीपीयूच्या कपाळावर चिकटवतो. जोडवायरच्या छिद्राभोवतीही मार्करने गोल करतो. "ही वायर ह्यातच ठेवायची. झाडताना काढली तरी ह्यातच." मग मोटारसायकलला किक मारतो. इंदापूरला जायचंय, मागे जागा आहे.

अंथुर्णे. शेळगाव. निमगाव केतकीत पानमळ्यांच्या सावल्या रस्त्यावर लांब झाल्यात. इंदापूर येतं तेव्हा पाच वाजून गेलेत. बाजारपेठेत शिरताना वारा ओलसर लागतो. उजनी धरणाचं पाणी इथून लांब नाही.

तंत्रज्ञाचं पुढचं काम छपाईच्या दुकानात. दुकान अरुंद आणि खोल आहे. पुढे फ्लेक्सच्या गुंडाळ्या, मध्ये यंत्र, मागे संगणक. लगनसराई तोंडावर आलीय. भिंतीवर पत्रिकांचे नमुने, गणपती सोळा प्रकारचे. बाकावर एक कुटुंब बसलंय. वराचे वडील, काका आणि एक जाणत्या आत्याबाई. त्यांनी पत्रिकेचा कच्चा कागद आज मागितला होता.

पडद्यावर पत्रिका उघडी आहे. चौकट आहे, गणपती आहे, सनई-चौघडे आहेत. मजकुराच्या जागी मात्र रोमन अक्षरांची भेळ: कंस, टिंबं, मोठा एस, लहान जे. आत्याबाई चष्म्यातून बघतात. "हे आपलं लग्न नव्हं."

इथेही विंडोज नव्याने टाकलीय. मजकूर जागच्या जागी आहे, गेलाय तो फॉन्ट. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्वतःची घरं आहेत, पण त्याआधीचे आणि नंतरही चालत राहिलेले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी वळणं बसवत. फॉन्ट असेपर्यंत पडद्यावर 'शुभविवाह' दिसतो. फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. छपाईवाले हे फॉन्ट सोडत नाहीत. वळणं देखणी, आणि वर्षानुवर्षांच्या पत्रिका त्यांतच साठलेल्या. पत्रिका मांडायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ची. इथे तिच्या फाइली अजून रोज उघडतात.

तंत्रज्ञ खुर्चीत बसतो. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डाँगल, अंगठ्याएवढं, मालकाने गल्ल्यात ठेवलंय, नोटांच्या खाली. ते लगेच खोचायचं नाही. आधी सॉफ्टवेअर, मग डाँगलचा ड्रायव्हर, मग डाँगल. मग फॉन्ट. ते जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातून उचलायचे. कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेले त्याच नावाचे दुसरे नकोत. नाव एक, आतली घरं वेगळी.

चारशेहून जास्त फॉन्ट उतरतात. पत्रिका बंद करून उघडतात. भेळ जाते. 'श्री गणेशाय नमः' येतं, वळणासकट. बाकावरचे तिघं एकदम पुढे सरकतात. आत्याबाई ओळी वाचायला लागतात, मोठ्याने, लग्नातल्यासारख्या. नवरदेवाच्या आजोबांच्या नावाशी अडतात. ज्ञानेश्वरमधल्या 'ज्ञ'च्या जागी रिकामा चौकोन.

"एवढंच अक्षर कसं गेलं?"

एक फॉन्ट पेनड्राइव्हवरचा आधीच बसलेला होता. जुना त्याच्यावर चढायला गेला तेव्हा विंडोजने विचारलं होतं, आहे तो बदलू का, आणि घाईत 'नाही' म्हटलं गेलं. तंत्रज्ञ तो एक फॉन्ट काढतो. पुरता. फोल्डरातून जातोय ना ते बघतो. मग जुना टाकतो. चौकोनात 'ज्ञ' येऊन बसतो.

छापायला देतात. प्रिंटर हलत नाही. यादीत एकाच प्रिंटरच्या दोन ओळी आहेत, एक नुसती, एक 'कॉपी १'. पहिली जुन्या जोडणीची, निपचित. कागद तिच्याच रांगेत जाऊन पडलाय. तंत्रज्ञ तिला पुसतो, 'कॉपी १'ला तिचं नाव देतो. यंत्र घरघरतं. कागद बाहेर येतो, गरम.

काका तो दोन्ही हातांनी धरतात. तिथी बघतात, मुहूर्ताची मिनिटं बघतात, कार्यालयाचा पत्ता बघतात. सगळं जागच्या जागी. दुकानमालक हिशेबाची वही उघडतो. तंत्रज्ञ पेनड्राइव्ह खिशात टाकतो आणि चहा सांगतो.

"अहो पण," आत्याबाई कागद आपल्याकडे ओढतात, "ह्यात धाकट्या मामांचं नाव कुठाय?"

वराचे वडील कागद बघतात. काका कागद बघतात. नाव नाही. फॉन्टने खाल्लेलं नाही, कुणी दिलंच नव्हतं. थोरल्या मामांच्या शेजारी ते बसवायचं तर ओळ मोडते, ओळ मोडली की खालची चौकट सरकते, आणि वेगळ्या ओळीत घेतलं तर मधले मामा विचारणार, आम्हाला का नाही.

ऑपरेटर खुर्ची पुढे ओढतो. "सांगा, नाव सांगा. आणि अजून कुणी राहिलंय का तेही आत्ताच सांगा."

बाकावर चर्चा सुरू होते.